कोणीच पळत नाही असा खेळ



या सदरात आम्ही कबड्डीवर लिहिले, कुस्तीवर लिहिले, सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांवरही एकदा लिहिले. पण गोल्फवर लिहिण्याची पाळी येईल असे कधी वाटले नव्हते. आमच्या नरडाण्यात आग्रा रोडवरून रात्रंदिवस ट्रक धावतात, सुरत-भुसावळ लाईनीवर मालगाड्या धडधडतात. इथे गोल्फचे मैदान सोडाच, गोल्फची काठी हातात धरलेला माणूसही सापडायचा नाही. तरीपण या खेळाने गेल्या वर्षभरात आमच्या नात्यात असे काही भांडण लावून दिले की आम्हाला त्यात पडावे लागले, आणि पडता पडता खेळच आवडून बसला.

तसे हा खेळ आम्ही पहिल्यांदा पाहिला त्याला बरीच वर्षे झाली. चौदा एप्रिलला आमच्या गावाहून गाडी करून आम्ही महूला निघालो होतो. शिरपूर, सेंधवा, खलघाटचा नर्मदेचा पूल, मानपूरचा घाट, असा सरळ आग्रा रोडनेच जायचा रस्ता. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली ज्या लष्करी छावणीत झाला ती ही महू. २००३ पासून तिचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. छावणीच्या भागातून जाताना एके ठिकाणी भर उन्हाळ्यात हिरवेगार गवत दिसले आणि त्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली चार-पाच माणसे काठ्या घेऊन सावकाश चालताना दिसली. एकाने काठी फिरवली. चेंडू कुठे गेला ते आम्हा कोणालाच दिसले नाही. गाडीत मागे बसलेल्या आमच्या चुलतीने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हाऊ कसा खेय शे रे भो? कोन्हीच पयत नही!" सगळी गाडी हसली. आम्हीही हसलो.

त्यानंतर गोल्फ आमच्या आयुष्यात आला तो थेट ७ ऑगस्ट २०२१ रोजी. टोकियो ऑलिंपिकचा तो शनिवार सगळ्यांना नीरज चोप्राच्या भाल्यासाठी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच दिवशी पहाटेपासून टीव्हीवर बंगळुरूची अदिती अशोक पदकासाठी झुंजत होती. जगाच्या क्रमवारीत तिचा नंबर दोनशेवा. समोर पहिल्या नंबरची अमेरिकेची नेली कोर्डा. अदितीला त्याआधी काही आठवड्यांपूर्वी कोरोना झाला होता, अंगातले बळ कमी झालेले. तिचा पहिला फटका सोबतच्या मुलींच्या कितीतरी मागे पडायचा. मागून तिची पिशवी उचलून चालणारी बाई म्हणजे तिची आईच. आम्हाला नियम कळत नव्हते, पण एवढे कळत होते की ही मुलगी लांबून मागे राहते आणि जवळ आल्यावर सगळ्यांना गाठते. शेवटी एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले. अठराव्या होलवर तिचा चेंडू भोकात गेला नाही तेव्हा आमच्या घरात चहा तसाच गार झाला होता.

आता भांडणाचे सांगतो.

आमची धाकटी बहीण मुंबईला मानखुर्दला असते. आमचे दाजी माथाडी कामगार. तीस वर्षे पाठीवर गोणी वाहिल्या. त्यांचा मुलगा म्हणजे आमचा भाचा, वय एकोणीस. कॉलेजचा खर्च निघावा म्हणून तो सुट्टीच्या दिवशी मुंबईतल्या एका क्लबात कॅडीचे काम करू लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी घेऊन त्याच्या बरोबर चालणारा. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या, वर चेंडू, छत्री, पाण्याची बाटली; हे घेऊन सात-आठ किलोमीटर चालायचे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना भाच्याने घरात जाहीर केले की आता कॉलेज सोडणार, व्यावसायिक गोल्फर होणार.

दाजींचा फोन आला. एरवी मोजके बोलणारा माणूस त्या दिवशी थांबेना. म्हणाले, "मी जन्मभर ओझं वाहिलं ते पोरानं वाहू नये म्हणून. आता हा साहेबाची पिशवी खांद्यावर घेतो आणि म्हणतो यातच माझं करिअर आहे. तुम्ही मामा आहात, तुम्ही सांगा त्याला." आम्ही सांगितले. चांगले तासभर सांगितले. आमच्या आजोबांनी गावकीची कामे कशी सोडली, कोणाच्या दारात उभे राहायचे नाही म्हणून किती हाल सोसले, सगळे सांगितले. भाच्याने शांतपणे ऐकले आणि एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही त्याला ओझं म्हणता. पिशवीबरोबर चालल्याशिवाय मला तो खेळ कोणी बघू तरी दिला असता का?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही खेळ समजून घ्यायला बसलो.

वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी गोट्या खेळल्या असतील त्यांना गोल्फ समजायला अडचण नाही. जमिनीत गल खणायची, लांबून गोटी तिच्याकडे टाकायची, मग बोटाने नेम धरून आत घालायची. गोल्फची गल म्हणजे होल, सव्वाचार इंच तोंडाचा, चहाच्या बशीपेक्षा लहान. असे अठरा होल. प्रत्येकाला किती फटके लागावेत ते आधी ठरलेले असते, कुठे तीन, कुठे चार, कुठे पाच. त्याला पार म्हणतात. मोठ्या मैदानावर सगळ्यांची बेरीज बहुधा बहात्तर होते. जो कमी फटक्यांत संपवील तो पुढे. इथे धावा काढायच्या नाहीत, वाचवायच्या आहेत. महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या आमच्या भगिनींना हा हिशेब फार लवकर कळेल.

आता यातली गंमत पाहा. टीव्हीवाले सारखा पहिला फटका दाखवतात. कसलेले पुरुष खेळाडू चेंडू पावणेतीनशे मीटर फेकतात, लोक तोंडात बोट घालतात. पण त्या बहात्तर फटक्यांच्या हिशेबात प्रत्येक होलसाठी दोन फटके हे होलच्या भोवतीच्या तासलेल्या गवतावर, ज्याला ग्रीन म्हणतात तिथे, हळूच सरकवण्याचे धरलेले असतात. त्याला पट म्हणतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे अर्धा खेळ हा ताकदीचा नाहीच. दहा फुटांवरून चेंडू घालवायला पहिलवान लागत नाही, तिथे नजर लागते आणि थरथर न करणारा हात लागतो.

आणि ही नजर कॅडीला आपोआप मिळते, असे भाच्याचे म्हणणे. तो म्हणाला, सकाळी दव असते तेव्हा चेंडू अडखळत जातो, दुपारी तोच फटका होलच्या पुढे चार फूट पळतो. गवताची पाती ज्या बाजूला झुकलेली असतील त्या बाजूने चेंडू लवकर जातो, उलट बाजूने मंद. उतार पायाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. साहेब आठवड्यातून एकदा येतो, कॅडी रोज तेच गवत तुडवतो. ग्रीनच्या बाहेरून चेंडू उचलून आत टाकायचा, ज्याला चिप म्हणतात, त्यात त्याने आम्हाला एक खुबी सांगितली. होलकडे बघायचेच नाही. चेंडू पहिल्यांदा जमिनीला कुठे टेकवायचा ती जागा निवडायची आणि फक्त तिच्यावर नेम धरायचा, पुढचे काम उतार करतो. आम्हाला एकदम आमची गोटी आठवली. आम्हीही गलीवर नाही, गलीच्या अलीकडच्या खड्यावर नेम धरायचो.

मग आम्ही भाच्याच्या हट्टाचा खरेखोटेपणा तपासायला मोठ्या खेळाडूंची माहिती काढली आणि सापडला कोण, तर महूचाच माणूस! मुकेश कुमार. ज्या छावणीत आमच्या चुलतीने तो प्रश्न विचारला, तिथला हा खेळाडू. देशातल्या व्यावसायिक स्पर्धा त्याने शंभराहून अधिक जिंकल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्लीत पॅनासोनिक ओपन झाली. धुक्यामुळे चार दिवसांची स्पर्धा चोपन्न होलवर आटोपावी लागली. ती मुकेशने जिंकली, तेव्हा त्याचे वय एक्कावन्न होते. आशियाई दौऱ्यावरची पहिली स्पर्धा एवढ्या वयात जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याचे नाव झाले. एक्कावन्नाव्या वर्षी आपल्याकडे माणूस नातवाला खांद्यावर घेऊन फिरतो.

दिल्लीचे ते मैदानही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथली गवताची पट्टी अरुंद, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपे. चेंडू जोरात मारून जरा वाकडा गेला की झुडपात हरवलाच समजा. म्हणून तिथे शहाणे खेळाडू सगळ्यांत लांब मारणारी काठी पिशवीतच ठेवतात. याच दिल्लीत १९९१ साली अली शेरने इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा १९६४ पासूनची, पण ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. बडोद्याच्या महाराजांच्या किंवा एखाद्या कारखानदाराच्या घरातला नव्हे बरे! दिल्ली क्लबचा कॅडी. लोकांना वाटले नशिबाने जिंकला, तर १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकून दाखवली.

तिसरा माणूस आम्हाला सर्वांत जास्त आवडला. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया. १८२९ साली इंग्रजांनी काढलेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात त्याचे वडील गवत राखायच्या कामावर होते. मुलगा तिथेच वाढला, गुरू नाही, शिकवणी नाही, बघून बघून शिकला. अंगाने लहानखुरा, फटका आखूड. पण होलजवळ आला की जादू. चिप आणि पट या दोन शब्दांची त्याच्या आडनावाशी सांधेजोड करून सोबत्यांनी त्याचे नावच 'चिपुटसिया' पाडले. २००८ साली दिल्लीत युरोपियन दौऱ्याची इंडियन मास्टर्स झाली. जगभरचे नावाजलेले खेळाडू आले होते. चौरसियाने ती जिंकली आणि चार लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली, त्या वेळच्या भावाने दीड कोटीच्या वर. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली, २०१६ सालीच रिओ ऑलिंपिकला गेला. गवत कापणाऱ्याच्या मुलाला ते गवत कळले, यात आम्हाला आता नवल वाटत नाही.

हे सगळे आम्ही दाजींना फोनवर सांगितले. दाजी म्हणाले, "हे जिंकलेले तीन सांगितले. न जिंकलेले किती?"

माथाडी माणूस हिशेबाला पक्का असतो. आणि हिशेब खरोखर कडू आहे. व्यावसायिक स्पर्धा साधारण चार दिवसांची. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्याहून अधिक खेळाडूंना घरी पाठवतात आणि त्यांना बक्षिसाचा रुपयाही मिळत नाही. प्रवेश फी, रेल्वेचे तिकीट, राहणे, खाणे, स्वतःच्या कॅडीचे पैसे, सगळे खिशातून. त्याआधी पात्रता स्पर्धेतून निघायचे ते वेगळेच. काठ्यांचा एक बरा संच घ्यायचा तर आमच्या घरातल्या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीची वाट लागते. श्रीमंताचा मुलगा पाच वर्षे हरत राहू शकतो. गरिबाच्या मुलाला सहाव्या महिन्याला जिंकावे लागते. कौशल्य दोघांचे सारखे धरले तरी ही शर्यत सारखी नाही, आणि भाच्याला हे आम्ही तोंडावर सांगितले.

दाजींच्या दुसऱ्या बोलण्यावर मात्र आम्ही वाद घातला. ते म्हणाले, दुसऱ्याची चाकरी करून कोणी खेळाडू होतो का? आम्ही त्यांना बाळू पालवणकरांची आठवण दिली. आपल्या वाचकांना ते नाव ठाऊक आहे. जन्म १८७६, चर्मकार कुटुंब. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायची, जाळी लावायची आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. पगार महिना चार रुपये. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज बाद केल्यावर त्यांना दर वेळी आठ आणे द्यायचा असे सांगतात. त्या सरावातूनच हिंदुस्थानचा पहिल्या प्रतीचा डावखुरा गोलंदाज तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. ज्या हाताने संघ जिंकायचा त्याच हाताला कपबशी नाही. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही.

गोल्फमध्येही असेच एक नाव आहे, आणि ते आपल्या मुलांनी ऐकावे असे आम्हाला वाटते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा सेवसंकर सेवगोलम, लोक त्याला 'पापवा' म्हणत. हिंदुस्थानातून गेलेल्या मजुरांच्या वंशातला, लिहिता-वाचता न येणारा कॅडी. कोणी शिकवले नाही म्हणून काठी उलटी धरायचा, जो हात वर पाहिजे तो खाली. तशीच धरून त्याने हॉलंडची खुली स्पर्धा १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा जिंकली. १९६३ साली डर्बनच्या गोऱ्यांच्या क्लबात नाताळ ओपन जिंकली. बक्षीस समारंभ आत सुरू होता आणि आत काळ्या-सावळ्यांना बंदी. पावसात बाहेर उभ्या असलेल्या विजेत्याच्या हातात करंडक दिला गेला. तो फोटो जगभर गेला. १९६५ साली त्याच स्पर्धेत त्याने गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवले. मग सरकारने परवानगी देणेच बंद केले, मैदानात प्रेक्षक म्हणून जायलाही मज्जाव. १९७८ साली तो गरिबीतच वारला. दाजींना हे सांगताना आमचा आवाज जरा चढला होता. दाजी पलीकडे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग तर पोराला पाठवायलाच नको." म्हणजे आम्ही ज्या बाजूने बोलत होतो तिच्या उलट निकाल लागला!

एक गोष्ट भाच्याने सांगितली ती इथे द्यावीशी वाटते. या खेळात पंच मागे मागे फिरत नाही, चूक झाली तर खेळाडूने स्वतः सांगायची. १९२५ सालच्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स या खेळाडूचा चेंडू काठी टेकवताना किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला आणि पुढे ती स्पर्धा बरोबरीनंतरच्या फेरीत हरला. आता भाच्याचा अनुभव ऐका. एके दिवशी एका साहेबाने झुडपात अडकलेला चेंडू बुटाने मोकळ्यावर आणला. सोबतचे पुढे गेलेले. पाहिले ते फक्त पिशवीवाल्याने. साहेबाने याच्याकडे पाहून हसून डोळा मिचकावला आणि संध्याकाळी पन्नास रुपये जास्त दिले. भाचा म्हणाला, "मामा, नोट घेतली मी. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण एकदा स्वतःचा चेंडू खेळून बघावा." बी.कॉम. सोडायचे त्याने त्या दिवशी ठरवले. आम्ही इतके दिवस समजत होतो की त्याच्या डोळ्यांसमोर चौरसियाचे डॉलर आहेत.

मुंबईत चेंबूरला गोल्फ मैदानाशेजारच्या वस्तीतली पोरे लोखंडी सळई वाकवून, तिला रबरी नळीची मूठ बसवून, प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. परदेशी छायाचित्रकारांनी येऊन त्यांचे फोटो काढून नेले. आमचा भाचाही तसाच शिकला. पुढे काही क्लबांत सोमवारी मैदान बंद असते तेव्हा कॅडींना खेळू देतात, तेवढेच त्याचे खरे मैदान.

मे महिन्यात बहीण, दाजी आणि भाचा नरडाण्याला आले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळ्या झालेल्या शेतात भाच्याने पत्र्याचा डबा जमिनीत पुरला आणि भोवतीची ढेकळे फोडून, पाणी शिंपडून, चोपून जमीन सपाट केली. एक जुनी काठी आणली होती. बारा-तेरा फुटांवरून दहा चेंडू सरकवले. सात आत गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाजी बांधावर बसून तंबाखू मळत होते, त्यांनी नुसते पाहिले.

ठरले ते असे: तिसरे वर्ष पुरे करायचे, परीक्षा द्यायची, त्यानंतर एकदा पात्रता स्पर्धेला बसायचे. खर्चाचा अर्धा भाग भाच्याने साठवायचा. उरलेल्या अर्ध्याचे काय, यावर दाजी काही बोलले नाहीत. बहिणीने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली, आता पाहू कुठून जुळते ते.

ऊन कलल्यावर दाजी उठले. म्हणाले, "आण इकडे." तीस वर्षे गोणीचा आकडा धरलेले ते हात, काठी त्यांनी अशी आवळली की चेंडू डब्यावरून बांधापर्यंत गेला. "पप्पा, कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी धरा," भाचा म्हणाला. दुसरा अलीकडेच राहिला. तिसरा डब्याच्या काठाला लागून फिरला आणि बाहेर थांबला. तोपर्यंत अंधारून आले होते, घरून बहीण जेवायला हाका मारत होती.

"थांब गं," दाजी ओरडून म्हणाले, "हा एवढा होऊ दे."